ठमाबाईची सोमवारची मॅच

आमच्या मिठाच्या कंपनीची एके काळी क्रिकेटची टीम होती असं सांगितलं, की समोरचा हटकून विचारतो, "ढाल कधी जिंकलात?" एकसष्ट साली जिंकलो. ते सांगून झालं की मी ठमाबाईबद्दल बोलायला लागतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा भरकटला. ठमाबाईने आयुष्यात एक चेंडू टाकला नाही की बॅट हातात धरली नाही. पण त्या टीमची आठवण काढायची तर मला दुसऱ्या कुणापासून सुरुवातच करता येत नाही.

धरमतरच्या खाडीकाठी खारदेवळी नावाचं आगरी लोकांचं गाव आहे. गावाला लागूनच सागर सॉल्ट कंपनीची मिठागरं होती. मॅनेजर होरमसजी दुबाश. हा पारशी गृहस्थ तरुणपणी मुंबईत विकेटकीपर होता आणि त्याचा पुरावा म्हणून उजवी करंगळी कायमची वाकडी होती. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी, एकोणपन्नास साली, त्यांनी शेठजींना पटवून कंपनीची टीम काढली. प्रयोगशाळेतले केमिस्ट सदाशिव कोर्लेकर कप्तान, वजनकाट्यावरचा काळूराम सलामीला, बाकी कारकून, फिटर आणि दोन ट्रक ड्रायव्हर. मुंबईत कंपन्या-कंपन्यांची ढालीसाठी एक स्पर्धा चालायची, तिच्या खालच्या गटात आमचं नाव लागलं.

मी आलो एक्कावन्न साली. मी किहीमचा, डावखुरा फिरकी गोलंदाज. अलिबागच्या एका सामन्यात होरमसजींनी मला पाहिलं आणि अर्ज करायला सांगितला. अर्जात शिक्षणाच्या खाली मी 'एका डावात सात विकेट' असं लिहिलं होतं. मला वाटतं त्यांनी तेवढंच वाचलं. मला आवक-जावक विभागात टेबल मिळालं आणि दुपारी तीननंतर मैदानात जायची मुभा.

मैदान गोदामाच्या मागे, जरा उंचावर होतं. खेळायचो काथ्याच्या मॅटवर. बावन्न साली पत्र आलं, की वरच्या गटात यायचं असेल तर मॅट चालणार नाही, मातीची खेळपट्टी हवी. होरमसजींनी मुंबईहून एका जिमखान्याचा जाणता माळी आणवला. त्याने होडीतून लाल माती मागवली, पसरली, पाणी मारलं आणि लोखंडी रूळ फिरवून फिरवून ती आरशासारखी केली. दहा दिवसांनी तिचे पापड उठले. बोटाने उचलावे तसे तुकडे निघायचे. त्याने पुन्हा केली, पुन्हा पापड.

तिसऱ्या वेळी तो रूळ ओढत असताना बांधावरून आठ बाया डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या होत्या. त्यातली पुढची थांबली आणि हसली. चाळिशीची असेल. बुटकी, कासोटा घट्ट मारलेला, पावलं रुंद आणि मिठाने चिरलेली.

होरमसजी खुर्चीतून ओरडले, "ए बाई, तू कशाला हसते?"

"सायेब, यो रूल कवरा बी फिरवा, वरची माती बसंल. खालची झोपलेलीच हाय. तिला उठवाया पाय लागतान."

ही ठमाबाई. मिठागरात मीठ पिकायच्या आधी वाफ्याची जमीन तयार करावी लागते. चिखल करायचा, बायांनी ओळीने उभं राहून तो पायांनी तुडवायचा, सुकू द्यायचा, लाकडी चोपण्यांनी चोपायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा तुडवायचा. दोन-तीन आठवडे असं केलं, की जमीन अशी होते की वर पाणी साठलं तरी मिठात मातीचा कण येत नाही. ठमाबाई त्या आठ बायांची मुकादम होती. तिचा नवरा धर्माजी उघाडीवर, म्हणजे भरतीचं पाणी आत घेण्याच्या दारावर कामाला होता. जमीन आणि पाणी दोन्ही त्यांच्या घरात होतं म्हणा.

होरमसजींनी विचारलं, "तुला जमेल काय?"

ती खेळपट्टीकडे गेली, वाकली, एक ढेकूळ फोडून चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "खारी झालेय. हिकडचं खालचं पानी वर येतं. ही काराया पायजे कमरेएवरी."

होरमसजींनी ती माती कमरेएवढी खणून काढायला लावली आणि पुढचे चार दिवस ठमाबाई माती चाखत गावभर फिरली. भातशेतीच्या बांधाची चाखली, ओढ्याची चाखली, शेवटी गावदेवीच्या गोड्या तळ्यातला तळाचा काळा गाळ तिला पसंत पडला. मुंबईचा माळी रागावून लाँचने परत गेला. बाया दुपारपर्यंत मिठागरात काम करायच्या आणि मग येऊन तो गाळ तुडवायच्या, एकमेकींच्या कमरेला धरून, गाणी म्हणत. मी कचेरीच्या खिडकीतून पाहायचो. बावीस यार्ड लांब आणि तीन यार्ड रुंद जागेत आठ बाया पुढे जायच्या, मागे यायच्या. रूळ अगदी शेवटी फिरला.

त्या पट्टीवर मी पहिला चेंडू टाकला तेव्हा तो टप्पा पडून इतका नेमका वळला, की मी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. कोर्लेकर म्हणाले, "अनंता, आता तुला सबब राहिली नाही."

सामने शनिवार-रविवारी असत, आणि तेव्हा बाया मिठागरात. मिठाचे दिवस आणि क्रिकेटचे दिवस एकच. त्यामुळे ठमाबाईने सामना असा कधी पाहिला नाही. ती यायची सोमवारी सकाळी, पट्टी पुन्हा नीट करायला. एका सोमवारी मी कामावर जाताना मैदानातून निघालो, तर ती खेळपट्टीच्या मधोमध उकिडवी बसलेली. झाडू बाजूला पडलेला.

मी विचारलं, "काय झालं ठमाबाई? बिघडली का?"

"नाय रे. काल लांब टांगेचा कोन आला व्हता?"

आदल्या दिवशी समोरच्या टीमचा जलद गोलंदाज सहा फुटी होता. मी तसं सांगितलं.

"त्याचा उजवा आंगठा घासतो. चपला फाटत असतान त्याच्या." तिने बोट दाखवलं. मातीत खरंच एक चर होता, पण मी तिथूनच शंभरदा गेलो असेन आणि तो मला दिसला नव्हता. ती पुढे सरकली. "आन् यो बघ, हिकरनं पलाला. मधीच टाच फिरलेय. मागं वलला. पोचला कं?"

काळूराम धावबाद झाला होता. अर्ध्यातून परत फिरला आणि पोचला नाही.

"नाही पोचला," मी म्हटलं.

"मना वाटलंच. येवरा मोठा खड्डा, मानूस घाबरल्याबिगर व्हत नाय."

ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. आठ बाया ओल्या मातीत नाचत असतात तेव्हा कोण जोर लावतंय आणि कोण नुसती पावलं उचलतेय, हे मुकादमणीला दुसऱ्या दिवशी सुकलेल्या जमिनीवर दिसतं. तीच नजर. फरक एवढाच, की इथे तिला खेळ माहीत नव्हता, म्हणून ती विचारायची. हा माणूस इथेच का उभा राहतो? लाकडं तीनच का? चेंडू जमिनीवर आपटायचाच कशाला, सरळ लाकडांवर का मारत नाहीत? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आठवडा लागला. चेंडू जमिनीवर पडला की त्याचं काय होईल हे फलंदाजाला नक्की सांगता येत नाही, असं मी म्हटलं तेव्हा तिने पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजी खेल जमिनीचा हाय. आन् नाव तुमचं."

त्यानंतर माझे सोमवार तिथेच सुरू व्हायचे. मी धावसंख्या सांगायची नाही, तिने पट्टी वाचायची, मग ताळा करायचा. ती चुकायचीही. एकदा एका खुणेवरून तिने फलंदाज लंगडा ठरवला आणि तो निघाला विकेटकीपर. पण दहातल्या सात गोष्टी बरोबर यायच्या. कचेरीतले हसायचे, की अनंता त्या मिठागरातल्या बाईकडे मॅच शिकायला जातो. होरमसजींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी माझी कामावर यायची वेळ सोमवारी अर्ध्या तासाने पुढे ढकलली.

पंचावन्न साली आम्ही वरच्या गटात गेलो. मुंबईच्या टीमा शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायच्या, तिथून कंपनीच्या ट्रकने खारदेवळीला. निम्म्यांना लाँच लागलेली असायची. ते म्हणायचे, आमच्या विकेटी समुद्रानेच घेतल्या.

सत्तावन्न साली उपांत्य सामना आमच्या मैदानावर आला. समोर मुंबईची एक मोठी गिरणी. फेब्रुवारीचा महिना होता आणि माघी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. शनिवारी आम्ही एकशे अठ्ठ्याहत्तर केल्या. संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा त्यांच्या एकसष्ट झाल्या होत्या, दोन बाद.

दोन दिवसांचा सामना असला की रविवारी सकाळी ठमाबाई एकटी येऊन पट्टी झाडून जायची. त्या सकाळी तिने झाडायला घेतलं आणि थांबली. खाडीकडच्या टोकाला, बरोबर चेंडूच्या टप्प्याच्या जागी, ताटाएवढी जागा काळपट ओली झाली होती. ती ओरडून कुणाला बोलावणार, एवढ्यात गिरणीचा कप्तान आणि दोन खेळाडू तिथे फिरत आले. त्यांनी ओल पाहिली, शेजारी ठेवलेली तिची पाण्याची घागर पाहिली.

मी पोचलो तेव्हा आवाज चढलेले होते.

"तुमचा डावखुरा स्पिनर याच टोकाकडे टाकतो," त्यांचा कप्तान कोर्लेकरांना सांगत होता. "आणि नेमकी इथेच ओल? बाईने पाणी मारलंय. कुणी मारायला लावलं ते तुम्हीच शोधा."

होरमसजी लाल झाले होते. पंच फर्नांडिस म्हणून वांद्र्याचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी ठमाबाईला सरळ विचारलं, "बाई, तू पाणी टाकलंस?"

"नाय."

"मग हे कुठून आलं?"

"खालनं. उधान हाय. बांधाला कुठं तरी बील परलं असंल, तिथनं पानी जमिनीत शिरलंय."

गिरणीचा कप्तान हसला. "वा! समुद्र बरोबर टप्प्यावर आला!"

ठमाबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने ओल्या जागेतली चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि उरलेली फर्नांडिसांपुढे धरली. "घागरीत इहिरीचं पानी हाय, गोरं, खारं नाय. यो चाखून बघा."

फर्नांडिसांचा पांढरा कोट इस्त्रीचा, डोक्यावर टोपी. त्यांनी आधी तिच्या घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं. मग गुडघ्यावर बसून स्वतःच्या हाताने ओली माती उचलली, जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि बाजूला जाऊन थुंकले. पुन्हा घागरीतल्या पाण्याने चूळ भरली.

"कप्तान," ते म्हणाले, "हा निव्वळ समुद्र आहे. खेळ वेळेवर सुरू होईल."

कप्तानाने खांदे उडवले. ठमाबाईची माफी कुणी मागितली नाही. तिने घागर उचलली आणि ती मिठागराकडे निघून गेली.

आता माझी गोष्ट. त्यांना अजून एकशे अठरा हव्या होत्या. चेंडू माझ्या हातात होता आणि माझ्या डोळ्यांपुढे ती ताटाएवढी ओल होती. तिथे टप्पा पडला की चेंडू अडणार, उडणार, वळणार. आरोप खोटा ठरला होता, तेव्हा त्या ओलीवर माझा हक्कच आहे असं मला वाटलं. मी बावीस षटकं टाकली. प्रत्येक चेंडू तिथेच. एक विकेट मिळाली, तीही झेल लांबवर उडाला म्हणून. चार गडी राखून गिरणी जिंकली. संध्याकाळी ट्रक रेवसकडे गेला तेव्हा मी कोर्लेकरांना म्हटलं, नशीब नव्हतं. तेही म्हणाले, नव्हतं.

सोमवारी मी मैदानात जायचं टाळणार होतो. पण ठमाबाईने कचेरीत निरोप धाडला.

मी गेलो. तिने मला खाडीकडच्या टोकाला नेलं. हातभर जागेत चेंडूच्या खुणा एकावर एक पडल्या होत्या, जात्याभोवती पीठ सांडावं तशा. बाकीची पट्टी कोरी.

"तू सगलं चेंरू हितंच टाकलंस."

"ओल होती ना तिथे."

"नऊ वाजलं तवाच गेली. वरची खपली घट झालती. चेंरू वर येऊन सरल गेला असंल." तिने पलीकडे फलंदाजाच्या जागेकडे बोट केलं. "आन् त्यो बघ. पाय मागं नेऊन निवांत उभा. कुठं टाकनार ते त्याला ठावं व्हतं. तू वाकून हात लावून बघितलंस कं, ओली हाय कं सुकी?"

"नाही."

"मना इचारायचं व्हतंस."

"तुम्ही निघून गेला होता."

"बांध लांब नाय," ती म्हणाली.

ती रागावलेली नव्हती. हरल्याचंही तिला काही वाटत नव्हतं. पण माझे कान तापले. आमच्या कचेरीत, ड्रेसिंगच्या तंबूत, होरमसजींच्या बंगल्यावर, सगळ्यांनी नशीब नशीब म्हटलं होतं. मी हावरटासारखा एकाच जागेच्या मागे लागलो आणि गोलंदाजी विसरलो, हे फक्त तिला दिसलं होतं, आणि तेही सामना न पाहता. तिथेच पहिल्यांदा मी तिच्याबरोबर खाली बसलो आणि जमिनीला हात लावला. तिने माझा पंजा धरून एकदा सुकलेल्या भागावर दाबला, एकदा सावलीतल्या. "कललं?" मला काहीच कळलं नव्हतं. कळायला दोन वर्षं लागली. त्यानंतर प्रत्येक सामन्याच्या सकाळी मी तिच्याबरोबर पट्टीवरून अनवाणी चालायचो.

ते बीळ शोधायला तिने आणि धर्माजीने तीन दिवस घेतले. जुन्या नाल्याच्या कडेला खेकड्यांनी पोखरलं होतं, तिथून भरतीचं पाणी आत शिरायचं. गाळ आणि पेंढा कोंबून त्यांनी ते बुजवलं. होरमसजींनी हे ऐकलं आणि त्यांच्या मनात आलं, की या बाईचा मान ठेवायला हवा. पुढच्या सामन्याला त्यांनी तिला मिठागरातून सुट्टी दिली, तंबूत आपल्या शेजारी खुर्ची मांडली, चहा आणि बटाटेवडे मागवले. ठमाबाई नवं लुगडं नेसून आली. पाऊण तास ताठ बसली. मग उठली.

"का ग ठमाबाई? कंटाळली?" होरमसजींनी विचारलं.

"सायेब, समदं डोल्यापुढंच व्हतंय. मंग शोधाया काय ऱ्हायलं?" असं म्हणून तिने दोन बटाटेवडे पदरात बांधले आणि ती गेली.

एकसष्ट साली आम्ही ढाल जिंकली. अंतिम सामना मुंबईत होता. तोवर टीममध्ये बाहेरून आणलेली पाच चांगली पोरं आली होती. त्यांना नोकरी कागदावर होती आणि त्यांनी मिठागर कधी पाहिलंही नसेल. ढाल घेऊन आम्ही परतलो तेव्हा होरमसजी ती ठमाबाईच्या बायांना दाखवायला मैदानात घेऊन गेले. बायांनी तिच्यावरची नक्षी पाहिली. ठमाबाईने मला विचारलं, मुंबईची जमीन कशी होती? मी म्हटलं, लाल, कडक, चेंडू उंच उडतो. कुठली माती, कोण तुडवतं, मला सांगता आलं नाही. ती म्हणाली, "येवरा लांब गेलास आन् चाखली बी नाय?"

त्रेसष्ट साली होरमसजी निवृत्त होऊन गेले. वर्षभरात कंपनी विकली गेली. नव्या मालकांना रसायनाचा कारखाना काढायचा होता. टीम बंद झाल्याची नोटीस दोन ओळींची होती. कोर्लेकर नव्या प्रयोगशाळेत राहिले, मला मुंबईच्या कचेरीत पाठवलं. मैदानावर ट्रक उभे करायचे ठरलं, म्हणून खडी टाकायला माणसं आली.

त्याच्या तीन-चार दिवस आधी ठमाबाई नव्या मॅनेजरांकडे गेली. मी तेव्हा टेबल आवरत होतो. ती त्यांना म्हणाली, "सायेब, ती माती तल्यातली हाय. तुमच्या खडीखाली जानार, तवा आमी नेतो." त्यांना आधी समजेना, कसली माती. मग त्यांनी हात हलवून, न्या, असं सांगितलं. बायांनी दोन दिवसांत ती पट्टी खणली. बारा वर्षं तुडवलेली, कुदळ लागत नव्हती. बैलगाड्यांतून ती आठ घरांत गेली आणि बायांनी त्या मातीने घरांच्या आतल्या जमिनी केल्या.

सदुसष्ट साली मी किहीमला आलो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून खारदेवळीला गेलो. धर्माजी वारला होता. ठमाबाई पाठीत वाकली होती, पण पावलं तशीच रुंद. मला आत बसवलं, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं. जेवताना मी न बोलता जमिनीवर तळहात ठेवला. ती बघत होती.

"कशी हाय?"

"सुकी. पण चुलीकडे जरा ओल आहे."

"सकालीच सारवलंय तिकडं," ती म्हणाली आणि खूश झाली.

मग तिने सांगितलं, की पोयनाडच्या शाळेत मुलींचं खो-खोचं मैदान ती करून देते. शूज नाहीत, सगळ्या अनवाणी, त्यामुळे वाचायला क्रिकेटपेक्षा बरं. फक्त मास्तर फार स्वच्छ माणूस, संध्याकाळी लगेच मैदान झाडून घ्यायचा. तिने त्याला दम भरला, की सकाळपर्यंत झाडू लावायचा नाही.

"ऐकतो का?" मी विचारलं.

"आता आईकतो. पयले त्याला सांगितलं, तुजी एक पोरगी डावा पाय दुखतोय तरी पलतेय, घरी बोलत नाय. त्याने इचारलं, तर खरं निगालं."

मला रेवसची लाँच गाठायची होती. ती एसटीच्या थांब्यापर्यंत आली. वाटभर ती एका मुलीबद्दल बोलत होती, जी वळताना टाचेवर वळते आणि कधीच पडत नाही, आणि ते त्या मुलीला कसं जमतं हे ठमाबाईला काही केल्या कळत नव्हतं. एसटी आली, मी चढलो, खिडकीशी बसलो. खाली धुळीत ठमाबाई स्वतःच टाचेवर वळून बघत होती.